हिरड्याची किंमत किती लावायची?

डिंभ्यापल्याड · रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, धरणाच्या पलीकडे राहतो. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. ग्रामपंचायतीला सात नावं हवी होती आणि मला लिहितावाचता येतं, एवढीच माझी पात्रता. हरित लवादाने मुदत घातली तेव्हा घाईघाईत आमची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना काय ठाऊक याची वही, लिहून झाली. ती कपाटात आहे. किल्ली ग्रामसेवकांकडे.

आता मुद्दा. आमच्याकडे बाळहिरडा (कोवळा काढून वाळवलेला हिरडा) हे वर्षाचं रोख उत्पन्न. भात घरी खायला, हिरडा बाजाराला. मार्चपासून मेपर्यंत माणसं झाडावर. मागच्या आठवड्यात एका औषध कंपनीसाठी माल उचलणारा माणूस गावात आला. बोलायला चांगला होता. म्हणाला, "कायद्याने तुमची समिती हिरड्यावर शुल्क लावू शकते. लावणार असाल तर हंगामाआधी आकडा सांगा, आम्हाला भावात धरावं लागतं."

समितीत कोणालाच हे माहीत नव्हतं. बैठक झाली, चहा झाला, आकडा काही निघाला नाही. एक म्हणतो किलोला दहा रुपये, एक म्हणतो शंभर, तिसरा म्हणतो झाडाची किंमत काढा. तर प्रश्न असा: जंगलातल्या वस्तूची 'योग्य' किंमत काढतात कशी? काही रीत आहे की अंदाजपंचे?

---

तिखटमीठ · रविवार, रात्री ९:५५

बाळगुटीत हिरडा उगाळून आम्हा सगळ्यांना पाजलाय. म्हणजे या संस्थळावरचे यच्चयावत सदस्य तुमच्या गावाचे देणेकरी. वसुली कुठून सुरू करताय? (ह. घ्या.)

---

खडूस काकू · रविवार, रात्री १०:०३

तिखटमीठ, तुम्हाला गुटी कमी पडली असावी.

चांगला धागा. वाचतेय.

---

वकिली_सोडलेला · रविवार, रात्री १०:३१

त्या माणसाने सांगितलं ते खरं आहे. जैविक विविधता कायदा, २००२, कलम ४१(३). आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्याकडून समिती संकलन शुल्क घेऊ शकते. किती घ्यायचं ते कायदा सांगत नाही.

हे शुल्क वेगळं आणि 'लाभवाटप' वेगळं, एवढं ध्यानात ठेवा. लाभवाटप म्हणजे कंपनीने कमाईतला वाटा राज्य जैवविविधता मंडळामार्फत द्यायचा असतो. २०१४च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन वाटा होत्या. एक, खरेदी किमतीवर: व्यापाऱ्याने १ ते ३ टक्के, उत्पादकाने ३ ते ५ टक्के. दुसरी, कारखान्याबाहेर पडणाऱ्या मालाच्या वार्षिक विक्रीवर: १ कोटीपर्यंत ०.१ टक्के, ३ कोटींपर्यंत ०.२, त्यावर ०.५. जमा झालेल्यातले ९५ टक्के खाली समित्यांकडे किंवा लाभधारकांकडे जावेत असंही त्यात होतं. २०२५मध्ये नवे विनियम आले, टप्पे बदलले, छोट्या उलाढालीला माफी मिळाली. तत्त्व तेच, टक्क्याच्या अंशाचं.

गाजलेलं प्रकरण दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषध कंपनीचं. उत्तराखंडच्या मंडळाने ४२१ कोटींच्या उलाढालीवर साधारण २ कोटी मागितले. कंपनीचं म्हणणं, आम्ही भारतीय, आम्हाला हे लागूच नाही. २१ डिसेंबर २०१८ला नैनितालच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की लागू आहे.

---

चिंतोपंत · रविवार, रात्री १०:४८

४२१ कोटींवर २ कोटी, आणि त्याला म्हणायचं न्याय्य वाटप! देवळाबाहेर चप्पल सांभाळणारा यापेक्षा जास्त घेतो.

---

मालविका_पुणे · सोमवार, सकाळी ७:२०

अर्थशास्त्र शिकवते, म्हणून चार ओळी.

एक रीत बाजारभावाची: वस्तू कितीला जाते ते बघा. दुसरी उलट्या हिशेबाची: तयार औषधाच्या किमतीतून कारखाना, वाहतूक, जाहिरात, रास्त नफा वजा करत खाली या, उरेल ती कच्च्या मालाची खरी किंमत. तिसरी पर्यायाची: हे झाड नसतं तर तोच गुण दुसरीकडून मिळवायला किती पडलं असतं? चौथी म्हणजे लोकांना विचारायचं, 'हे जंगल राहावं म्हणून तुम्ही किती द्याल?'

चौथीवर माझा फारसा विश्वास नाही. पुण्यातला माणूस प्रश्नावलीत हजार रुपये लिहितो आणि नाक्यावर पावतीचे तीस द्यायला कुरकुरतो.

पहिली सगळ्यात सोपी, म्हणून २०१४च्या तत्त्वांनी तीच धरली. पण तिच्यात मेख आहे. भाव मुळात पाडलेला असेल तर त्याचे ३ टक्के म्हणजे पाडलेल्या भावाचे ३ टक्के. हिशेबाला सोपं म्हणून दीडशे रुपये किलो आणि गावाचा १० टन माल धरू. झाले १५ लाख. त्याचे ३ टक्के ४५ हजार. तीनशे उंबरे असतील तर घरटी दीडशे रुपये, म्हणजे बरोबर एक किलो हिरडा. वर्षभर जंगल राखल्याबद्दल एक किलो!

---

रातांबा · सोमवार, सकाळी ८:०५

कुडाळहून. आमच्याकडे हीच गोष्ट कोकमाची. आगळ, सोलं आम्ही करतो. बियांचं तेल, म्हणजे ज्याला आम्ही मुठेल म्हणतो, आजी भेगांना लावायची. तेच आता 'कोकम बटर' होऊन परदेशी मलमांत जातं. बी आम्ही विकतो कचऱ्याच्या भावाने आणि मलम घेतो सोन्याच्या. भौगोलिक मानांकन मिळालं, फलक लागले. बियांच्या भावात काय फरक पडला ते विचारू नका.

---

भिरंड · सोमवार, सकाळी ८:१९

रातांबा, एक दुरुस्ती. फळाला भिरंड म्हणतात. माझ्या नावावरून कळायला हवं होतं. देव बरें करूं.

---

रातांबा · सोमवार, सकाळी ८:२४

फळाला रातांबाच म्हणतात. पेडण्यापलीकडे काय म्हणतात त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

---

खडूस काकू · सोमवार, सकाळी ८:४०

आमसूल. विषय संपला.

---

संपादक मंडळ · सोमवार, सकाळी ९:००

कोकमाचा वाद २०११पासून दुसऱ्या धाग्यावर सुरू आहे. कृपया तिकडे.

---

चंदगडी · सोमवार, सकाळी ११:१५

हिरडा निदान फळ तरी आहे. काढलं तरी झाड उभं राहतं. आमच्याकडची नरक्याची कथा ऐका.

नरक्या म्हणजे घाणेरड्या वासाचं झुडूपवजा झाड. नावच त्यावरून. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. म्हाताऱ्यांना विचाराल तर सांगतील, बिनकामाचं. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन निघतं. १९६६मध्ये ते पहिल्यांदा एका चिनी झाडात सापडलं, १९७२मध्ये आपल्या नरक्यात. त्यापासून बनवलेली दोन कर्करोगाची औषधं, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन, १९९६मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. आणि इकडे सह्याद्रीत कुऱ्हाड चालू. रात्री तोडायचं, ढलप्या करायच्या, पोत्यात भरून ट्रक. तोडणाऱ्याला मिळाली रोजची मजुरी. त्याला वाटलं, बिनकामाचं लाकूड, कोण वेडा विकत घेतोय, घेऊ दे.

मालविकाताई, तुमची कुठलीच रीत इथे चालत नाही. विकणाऱ्याला वस्तू काय आहे तेच ठाऊक नाही, तिथे बाजारभाव कसला? ज्याला माहिती त्याची किंमत.

---

मालविका_पुणे · सोमवार, दुपारी १२:०२

चंदगडी, मान्य. आणि याची दुसरी बाजूही आहे, जी मला स्वतःला टोचते. १९९६मध्ये सिम्पसन, सेजो आणि रीड या तिघांनी हिशेब मांडला होता: औषध कंपनीला जंगलाचा एक जादा हेक्टर टिकावा म्हणून किती द्यावंसं वाटेल? पश्चिम इक्वेडोरचं जंगल त्यांच्या यादीत सगळ्यात वर, आणि आकडा आला हेक्टरी २० डॉलर ६३ सेंट. बाकीच्यांचा त्याहून खाली. कारण सरळ आहे. वनस्पती लाखो, एका ठिकाणी नाही तर दुसऱ्या ठिकाणी सापडेल. तुमचा नरक्या आणि ते चिनी झाड, दोघांत एकच द्रव्य. म्हणजे विकणारे दोन झाले आणि भाव पडला.

त्याच्या पुढच्याच वर्षी कोस्टान्झा आणि मंडळींनी सगळ्या पृथ्वीच्या निसर्गसेवांची किंमत काढली, वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर. एक हिशेब हेक्टरी वीस डॉलर म्हणतो, दुसरा साऱ्या जगाच्या उत्पन्नापेक्षा मोठा आकडा सांगतो. दोन्ही छापून आले, दोन्ही शिकवते.

---

चिंतोपंत · सोमवार, दुपारी १२:१०

म्हणजे अंदाजपंचेच! धागाकर्त्यांना उत्तर मिळालं. टाळे लावा.

---

तिखटमीठ · सोमवार, दुपारी १२:३३

अवांतर: मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या एकलहरा गावच्या समितीने चक्क कोळशावर लाभवाटप मागितलं होतं. कोळसाही कधीकाळी झाडंच होती, तेव्हा तो जैविक संसाधन! लवादाने नाही म्हटलं. पण ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला साष्टांग दंडवत. त्या हिशेबाने मी गाडीत पेट्रोल भरतो तेव्हा डायनोसॉरच्या वारसांचा वाटा बुडवतो.

---

काटेसावर · सोमवार, दुपारी १:१५

पेट्रोल डायनोसॉरचं नसतं, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं असतं. त्यांच्या वारसांना शोधा.

---

जुना_नागपूरकर · सोमवार, दुपारी ३:४०

एवढं रडगाणं कशाला? हळदीची लढाई आपण जिंकलीच ना. माशेलकर सरांनी अमेरिकेला नमवलं. तसं हिरड्याचं पेटंट आधीच आपल्या नावावर करून टाका.

---

वकिली_सोडलेला · सोमवार, संध्याकाळी ४:२२

जुना_नागपूरकर, हळदीत आपण पेटंट रद्द करून घेतलं. १९९५ला मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं, १९९७ला ते सीएसआयआरने (माशेलकर तेव्हा प्रमुख असलेली सरकारी संशोधन परिषद) पाडलं. फार मोठं काम. पण त्यातून सांगलीच्या शेतकऱ्याला रुपया आला नाही, येणारही नव्हता. दुसऱ्याला मालक होऊ न देणं वेगळं आणि आपल्याला मोल मिळणं वेगळं. आणि हजारो वर्षं ठाऊक असलेल्या गोष्टीचं पेटंट आपल्यालाही मिळत नाही. त्याच मुद्द्यावर तर हळद जिंकलो.

धागाकर्त्यांसाठी आणखी एक अडचण. २०२३ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४पासून लागू झाली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती यांना देशी कंपन्यांपुरती बरीच सूट आहे. हिरडा चरकात आहे, त्रिफळा घरोघरी आहे. कंपनी म्हणेल, आमचं ज्ञान ग्रंथातलं, गावाचा काय संबंध?

---

वैद्य_मीनल · सोमवार, संध्याकाळी ५:०५

ग्रंथ आमचा, हे खरं. 'ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी' म्हणणारेही आम्हीच. पण एक विचारते. चरकात हिरडा केव्हा घ्यावा, कसा असावा हे आहे. या डोंगरात कुठल्या सोंडेवरचा हिरडा आधी धरतो, कुठल्या झाडाला अळी लागते, अवकाळी आला तर खळ्यावरचा माल कसा वाचवायचा, हे कुठल्या अध्यायात आहे? माझ्याकडे येणारा बाळहिरडा काळा, कडक, खडखड वाजणारा असतो म्हणून तो एरंडेलात परतला की फुलतो. बुरशीचा आला तर मी परत पाठवते. तो कडक करणारा हात ग्रंथात नाही.

आयुर्वेदाच्या बाजूनेही बोलायला हवं. छोट्या वैद्याच्या मानेवर परवान्यांचं जोखड नको, ही मागणी रास्त होती. माझ्यासारखीला वर्षाला दहा किलो हिरडा लागतो. सूट मला हवी होती, ट्रकभर नेणाऱ्याला नव्हे.

---

डिंभ्यापल्याड · सोमवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मीनलताई, तुमचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, "बाई शहाणी आहे."

थोडी भर घालतो. आमचा निम्मा हिरडा वनखात्याच्या हद्दीत, निम्मा मालकीच्या बांधावर. बांधावरचं झाड कोणी लावलेलं नाही, पणजोबांनी तोडलं नाही इतकंच. मग ते 'लागवड' की 'जंगल'? दुसरं, देवराईतल्या झाडांना कोणी हात लावत नाही. तिथलं बी पाखरं, वानरं चहूकडे नेतात. त्या झाडांचं मोल कोणाच्या खात्यात?

आणि किमतीचा अनुभव आम्हाला एकदा आलेला आहे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ. आंबेगाव, जुन्नरला हिरड्याची झाडं उन्मळून पडली. पंचनामे झाले. आंब्याला, भाताला निकष होता. हिरड्याचं काय धरायचं हे कोणाला सांगता येईना. भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणं करावी लागली. मोठं झाड पडलं की त्याच्या जागी नवं फळाला यायला अर्धं आयुष्य जातं. म्हणून तर विचारतोय.

नोंदवहीची एक गंमत. आमच्या शेजारच्या म्हातारीला मुरगळण्यावरचं एक औषध येतं. नोंदवायला गेलो तर सांगेना. म्हणाली, नाव घेऊन सांगितलं की गुण जातो.

---

मालविका_पुणे · सोमवार, रात्री ९:२८

म्हातारीला माझा नमस्कार सांगा. व्यापारी गुपित म्हणजे काय हे शिकवायला मला दोन तास लागतात.

---

दूरदेशी · सोमवार, रात्री ११:५०

केरळच्या काणी आदिवासींचं उदाहरण कोणी दिलं कसं नाही? १९८७मध्ये अगस्त्यमलैच्या डोंगरात गेलेल्या शास्त्रज्ञांना दिसलं की सोबतचे काणी वाटाडे एक फळ चघळतात आणि थकत नाहीत. ती आरोग्यपच्चा. तिथल्या वनस्पती उद्यान संस्थेने त्यापासून 'जीवनी' बनवलं आणि कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख आणि २ टक्के स्वामित्वधन घेऊन परवाना दिला. त्यातला निम्मा वाटा काणींचा. १९९७मध्ये त्यांचा विश्वस्त निधी झाला. कायदा यायच्या आधी! जगभर हे उदाहरण शिकवतात.

---

काटेसावर · मंगळवार, सकाळी ६:५५

शिकवतात खरं. पण पुढचंही शिकवावं. गुपित सांगणारे दोन-तीन वाटाडे, काणी वस्त्या अनेक. बाकीच्यांनी विचारलं, आमच्या सगळ्यांचं ज्ञान तुम्ही कोणाच्या परवानगीने दिलंत? शिवाय झाड नेमकं त्या जंगलाच्या सावलीतच नीट वाढतं, आणि लागवड, तोडणी यावरून वनखात्याशी खटके उडाले. कच्चा मालच मिळेना तर २ टक्के कशाचे? टक्का ठरवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता.

---

वैनगंगा · मंगळवार, सकाळी १०:१२

गडचिरोलीवरून लिहितो. दोन दिवस वाचत होतो, आता राहवत नाही.

तुम्ही सगळे 'वाटा किती' यावर भांडून राहिले. आधी मालक कोण ते बघा ना. वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या बांबू, तेंदू, हिरडा अशा मालावर, मालकी गावाची आहे. ज्याचा माल त्याला कोणी वाटा देत नसतं जी, तो भाव सांगतो.

आमच्याकडच्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यांसाठी भांडत बसले, २०११मध्ये तो परवानाही ग्रामसभेच्या हातात आला. मग बांबू ग्रामसभेने विकला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही नुसती भिंतीवर लिहायची घोषणा नव्हती. पुढे तेंदूपानाचंही तेच. ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एकटं गाव असलं की ठेकेदार शेजारच्या गावाकडे बोट दाखवतो, नव्वद एकत्र असल्यावर कोणाकडे दाखवील?

सगळं गोड आहे असं नाही. एखाद्या वर्षी ठेकेदार साखळी करून भाव पाडतात, पैसे थकवतात. हिशेब ठेवणारी पोरं लागतात. पण घरटी दीडशे रुपयांची गोष्ट तिथे कोणी करत नाही.

आणि एक. समिती ग्रामपंचायतीची, हक्क ग्रामसभेचा. शुल्क समितीने ठरवलं आणि ग्रामसभेला विचारलंच नाही, तर पहिली मारामारी गावातच होईल.

---

खडूस काकू · मंगळवार, सकाळी १०:३०

वैनगंगा यांना +१. धाग्याचं सोनं झालं.

---

चिंतोपंत · मंगळवार, सकाळी ११:०६

आता मी जरा गंभीरपणे लिहितो, सवय नसल्याने चूकभूल द्यावी घ्यावी. आयुष्यभर भुसार मालाच्या दुकानात काढलंय.

धागाकर्ते, पहिल्या प्रतिसादाच्याही आधी जाऊन तुमचीच एक ओळ पुन्हा वाचा. तो माणूस काय म्हणाला? "आम्हाला भावात धरावं लागतं." याचा अर्थ कळला का? तुम्ही किलोला पाच रुपये शुल्क लावलंत की तो भाव पाच रुपयांनी खाली घेणार. पावती समितीच्या नावे फाडेल, पैसे तुमच्या आईच्या टोपलीतून काढेल. समितीच्या खात्यात ५० हजार दिसतील आणि तेवढेच गावाच्या चुलीतून गेलेले असतील. तो इतका चांगला का बोलत होता, ते आता समजलं असेल. आमच्या बाजारात हमाली, तोलाई, कडता, सगळं शेवटी शेतकऱ्याच्याच पट्टीत उतरतं. कायदा कोणाकडून घ्या म्हणतो याला अर्थ नाही. ज्याला दुसरीकडे जायची सोय नाही, त्याच्याकडून ते जातं.

---

मालविका_पुणे · मंगळवार, सकाळी ११:२०

चिंतोपंत, हे मी वर्गात फळ्यावर दोन रेषा काढून सांगते आणि पोरं झोपतात. उद्या तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार.

पण म्हणून शुल्क लावूच नये असं नाही. सोय निर्माण केलीत तर शुल्क व्यापाऱ्यावर राहतं. माल वाळवून एक महिना ठेवता आला तरी सोय झाली. दोन व्यापारी एकाच दिवशी बोलावले तरी झाली. हिरड्याची घाई का होते? जागा नसते आणि घरात लग्न असतं. म्हणून शुल्काचा पहिला पैसा ताडपत्री आणि कोठार यावरच घाला. किलोवर ठरावीक लावा, टक्क्यात नको. टक्क्यात लावलंत तर तो कागदावर भाव कमी दाखवेल.

---

चंदगडी · मंगळवार, दुपारी १:४४

आणि नोंदवहीत गावाच्या बिनकामाच्या झाडांची पण नीट यादी करा राव. कोण अचानक 'हे काय हो, विकता का' विचारायला आला तर लगेच हो म्हणू नका.

---

तिखटमीठ · मंगळवार, दुपारी २:००

चिंतोपंत गंभीर लिहितात हे बघून वाचनखूण साठवली आहे. तारीख लिहून ठेवतो.

---

डिंभ्यापल्याड · तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, माफ करा. ग्रामसभा झाली, ते सांगायचं राहिलं होतं.

मी इथले सगळे प्रतिसाद वहीत उतरून नेले होते. चार रीती, २० डॉलर, ३३ लाख कोटी, सगळं वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. शेजारच्या दोन गावांची माणसंही बोलावली होती, वैनगंगा यांचं ऐकून. शुल्कावर चर्चा झाली दहा मिनिटं. किलोला दोन रुपये, बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याकडून, तिन्ही गावांत सारखंच, आणि पैसे ताडपत्र्यांना. वर्षाला दहा किलो नेणाऱ्या वैद्याला माफ. हे मीनलताईंमुळे.

मग ती मुरगळण्याचं औषध न सांगणारी म्हातारी उठली. म्हणाली, "दोन रुपयाचं राहू द्या. काटा कोणाचा?"

सगळे गप्प. व्यापारी काटा आपलाच आणतो. पोत्याला दोन किलो वजा धरतो, ओल आहे म्हणून आणखी एक. ओल असो नसो. पोरानं मोबाइलवर हिशेब केला: पन्नास किलोच्या पोत्याला तीन किलो म्हणजे ६ टक्के. कंपनीने द्यायचा ३ टक्के लाभ आम्ही इथे बसून मोजत होतो, आणि त्याच्या दुप्पट दर हंगामात काट्यावरच जात होता. पुढचा दीड तास फक्त काट्यावर गेला.

काटा घ्यायचा ठरलंय. वर्गणी जमतेय. शंभर किलोचा घ्यावा की दोनशेचा?

---

चिंतोपंत · सोमवार, रात्री १०:२६

दोनशेचा घ्या, पोतं ठेवायला ताट मोठं मिळतं. बॅटरीवाला घ्या, तुमच्याकडे वीज जाते. आणि वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्या, दरवर्षी. शिक्का नसेल तर व्यापारी पहिल्याच दिवशी म्हणेल तुमचा काटा खोटा. रिकाम्या पोत्याचं वजन त्याच्यासमोर करा आणि तेवढंच वजा करा.

---

वैद्य_मीनल · मंगळवार, सकाळी ८:१२

माझे दहा किलो त्याच काट्यावर. आणि दोन रुपये मीही देणार, माफी नको.